एका खड्ड्याचा फॉल्ट

खड्डा चार फूट खोल गेला, केबल उघडी पडली आणि कुलथे साहेबांचा चेहरा पडला. केबल ठणठणीत होती. वरचं शिशाचं कवच कोरडं, कुठे ओल नाही, कुठे चीर नाही. दोन मजूर फावडी टेकून उभे राहिले आणि साहेबांकडे बघायला लागले. जमलेली माणसंही साहेबांकडेच बघायला लागली.

मी एस.टी.तून उतरले ती थेट त्या गर्दीत. निंबगावच्या नगरपालिकेच्या बागेसमोर एवढी माणसं बघून मला वाटलं, कुणी चक्कर येऊन पडलं की काय. मग आण्णा दिसले. बागेच्या कठड्यावर बसून, खाकी शर्टाच्या बाह्या दुमडून ते निवांत तंबाखू मळत होते. सकाळपासून अर्ध्या गावाचे फोन मुके होते, सरकारी दवाखान्याचासुद्धा, आणि गावातला एकुलता एक केबल जॉइंटर तंबाखू मळत होता.

आण्णा म्हणजे माझे वडील, भगवान रसाळ. जमिनीखालून जाणाऱ्या टेलिफोनच्या केबलचे जोड बांधायचे आणि कुठे बिघाड झाला की तो शोधून काढायचा, हे त्यांचं काम. बिघाडाला ते फॉल्ट म्हणत. तो शब्द त्यांच्या तोंडी इतका बसला होता की माझी आई भांडली तरी ते म्हणत, "आज घरात फॉल्ट हाय."

"आलीस व्हय रतन?" त्यांनी मला बघून सरकून जागा दिली. "बस. साहेबांचं चाललंय."

"तुम्ही का नाही खणत?"

"मला इथं खणायला सांगितलं. म्या म्हणलं, इथं न्हाई. मग त्यांनीच खणलं."

कुलथे साहेब आमच्याकडे आले. पोरसवदा इंजिनियर, बदलून येऊन तीन आठवडे झालेले. माणूस सरळ होता. शर्टाला माती लागली होती आणि रागावण्याऐवजी तो गोंधळला होता.

"रसाळ, मीटर खोटं बोलत नाही हो."

"मीटर कशाला खोटं बोलंल? मीटरनं दोन जागा सांगितल्या, तुम्ही तिसरीकडं खणलं."

मला हे समजेना, म्हणून साहेबांनीच समजावलं. मीटर लांबी सांगत नाही, तारेचा रोध, म्हणजे तारेत वीज किती अडते, ते सांगतं. त्यावरून लांबी काढायची तर तार जाड की बारीक हे ठाऊक पाहिजे. आमच्या गावची केबल मुळात जाड तारेची. पुढे पूर आला तेव्हा तिचा काही भाग बदलून बारीक तारेचा घातला. कुठला भाग, त्याचा नकाशा वाळवीने खाल्ला होता. जाड धरली तर बिघाड नदीच्या पुलापाशी येत होता, बारीक धरली तर बाजारपेठेत.

"म्हणून मी दोन्हींचा मध्य काढला," साहेब म्हणाले. "म्हणजे चुकलं तरी कमीत कमी चुकेल."

आण्णांनी तंबाखू तोंडात टाकली. "साहेब, बाजारात जोड हाय. पुलापाशी जोड हाय. पाणी शिरतं ते जोडात. मधी कुणी ऱ्हातच न्हाई."

गर्दीतलं कुणीतरी हसलं. साहेब कानापर्यंत लाल झाले. मी मात्र हसले नाही. कारण कुलथे साहेबांनी बागेसमोर जे केलं होतं, तेच मी माझ्या पिशवीतल्या ऐंशी पानांवर चार वर्षं करत होते.

त्या पिशवीत माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण होतं. आदल्याच दिवशी माझ्या मार्गदर्शक हर्डीकर मॅडमनी ते परत दिलं होतं. विषय होता, दोन जागी सापडू शकणारा इलेक्ट्रॉन. एक अरुंद घर इथे, दुसरं अरुंद घर तिथे, आणि तो दोन्हींत अर्धा अर्धा. पुंजभौतिकीत, म्हणजे क्वांटम फिजिक्समध्ये, प्रत्येक वस्तूच्या ठिकाणाला एक अनिश्चितता असते आणि वेगालाही एक असते. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते आणि दोन्हींचा गुणाकार ठरावीक आकड्याखाली कधी जात नाही. ही अनिश्चितता मोजायची रीत ठरलेली. सरासरी काढायची आणि तिच्यापासून वस्तू किती लांबवर पसरली आहे ते बघायचं. मी त्या रीतीने मोजलं आणि मोठ्या दिमाखात लिहिलं, दोन घरं एकमेकांपासून लांब नेत गेलं की अनिश्चितता अमर्याद वाढत जाते.

मॅडमनी त्या वाक्याखाली तांबडी रेघ मारली. मग चष्मा काढून मला विचारलं, "रत्नमाला, घरं हातभर अंतरावर होती तेव्हा तुला काय ठाऊक नव्हतं?"

"इलेक्ट्रॉन कुठल्या घरात सापडेल, ते."

"आणि ती दहा मैलांवर नेली, आता काय ठाऊक नाही?"

तेच ठाऊक नव्हतं, वेगळं काहीच नव्हतं. मग अमर्याद वाढलं ते काय?

"पंधरा दिवस घे," त्या म्हणाल्या. त्या कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे जास्त भीती वाटे. "उत्तर नाही मिळालं तर तिसरं प्रकरण काढून टाकावं लागेल." तिसरं प्रकरण गेलं की प्रबंधात उरत होती प्रस्तावना आणि आभार. जुलैत शिष्यवृत्ती संपणार होती. रसाळांच्या घरातून मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच. परत जाऊन शाळेत गणित शिकवायचं, एवढाच रस्ता पुढे दिसत होता. वाईट काही नव्हतं त्यात, पण मला ते नको होतं.

"चला," आण्णा उठले. "हा एका खड्ड्याचा फॉल्ट हाय."

इथे आण्णांची एक रीत सांगायला हवी. टेलिफोन केंद्राबाहेर लोखंडी कपाट होतं, सगळ्या तारा त्यात येऊन मिळत. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला आण्णा केबल सोलायच्या सुरीने कोरून ठेवत. तारीख, ठिकाण, अंदाज, उघडले. अंदाज म्हणजे फॉल्ट सापडायला किती खड्डे उघडावे लागतील, तो आकडा. फॉल्ट किती लांब, हे त्यांनी कधीच लिहिलं नाही. आठ जोडांपैकी कुठलाही असू शकेल तर ते तीन लिहीत. मधला उघडायचा, तिथून तपासलं की फॉल्ट अलीकडे का पलीकडे ते कळतं, चार उरतात. परत मधला, दोन उरतात. परत एक. आईची किल्ली हरवली तरी ते विचारत, "किती खड्ड्यांची?" आणि मग, "आधी सांग, घरात का बाहेर?" हे सगळं मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते. ऐकत आले म्हणूनच कधी ऐकलं नव्हतं.

बाजारातला जोड जवळ होता. फरशी उचलली, माती काढली. जोड कोरडा होता.

"झालं," आण्णा म्हणाले.

"काय झालं? तो तर कोरडा आहे," मी म्हटलं.

"म्हंजे पुलापाशी हाय. आता तिथला उघडायचा तो दुरुस्तीला. हुडकायचं काम संपलं."

कुलथे साहेब मोकळ्या मनाने हसले, आणि गर्दीदेखत म्हणाले, "रसाळ, मी चुकलो." मला तो माणूस तिथेच आवडला. पुलापाशी जोड उघडला तेव्हा आतून ओंजळभर पाणी निघालं. पाण्याची मोठी पाइपलाइन शेजारूनच जात होती, ती झिरपत होती.

आण्णा पुलाच्या कडेला उकिडवे बसून तारा सुकवत होते, एकेक जोडी वेगळी करत होते. मी शेजारी बसले आणि विचारलं, "आण्णा, हा पूल इथून आणखी दहा मैल लांब असता तर?"

"तर काय?"

"तर किती खड्ड्यांचा फॉल्ट झाला असता?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू शिकून माझं डोकं फिरलं आहे. "एकाचाच की. लांब असला तर सायकल जास्त मारावी लागंल. शंका कशी वाढंल?"

मी उठले आणि पुलावर जाऊन उभी राहिले. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. चार वर्षं मी सायकल मोजत होते आणि तिला शंका म्हणत होते.

परत आले तेव्हा आण्णांनीच विषय काढला. मी काय शिकते हे त्यांना विचारायचं असे, पण विचारायचा संकोच वाटे. मी त्यांना दोन घरांचा इलेक्ट्रॉन सांगितला. त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकलं.

"म्हंजे आमच्यासारखंच. फॉल्ट असतो एकाच जागी, आपल्याला ठाव नसतं."

"नाही आण्णा. तसं नाही. उघडून बघेपर्यंत तो कुठल्या एका घरात नसतोच. ठरलेलंच नसतं."

आण्णांचे हात थांबले. "कशावरनं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक ऱ्हाऊ दे. उघडल्याशिवाय ठरल्यालं हाय का न्हाई, हे तुला कसं कळलं? उघडलं की एकीकडंच सापडतो म्हणतीस. मग आमच्यात न् त्याच्यात फरक काय?"

प्रयोग ठाऊक होते, समीकरणं पाठ होती, पण आण्णांच्या हातात ठेवता येईल असं काही नव्हतं. लागोपाठच्या दोन दिवसांत दोन माणसांनी मला दोन प्रश्न विचारले होते. एक विद्यापीठातला आणि एक पुलावरचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने अंगणात कुरडया घातल्या आणि मला कावळे हाकायला बसवलं. मार्चचं ऊन चढत होतं. मी ओसरीच्या पायरीवर लॉग टेबल, वही आणि एक काठी घेऊन बसले. सरासरी, पसारा सगळं बाजूला ठेवलं आणि इलेक्ट्रॉनचे खड्डे मोजायचे ठरवलं. हो-नाहीचे किती प्रश्न विचारले की तो सापडेल, एवढंच.

आधी एकाच घरातला इलेक्ट्रॉन घेतला. त्याच्या ठिकाणाचे खड्डे मोजले, वेगाचे मोजले, बेरीज केली. मग त्याला दुसरं घर दिलं आणि ठिकाणाचे परत मोजले. एक खड्डा वाढला. बरोबर एक. अंतर तिप्पट केलं, तरी एक. तीस हजारपट केलं, तरी एक. आण्णा कठड्यावरून उठताना जो आकडा बोलले होते, तोच माझ्या वहीत उतरला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईला वाटलं, ऊन लागलं.

मग वेगाकडे वळले. दोन घरांच्या इलेक्ट्रॉनचा वेग विचित्र असतो. काही वेग सापडतात, त्यांच्या लगतचे सापडतच नाहीत, पुढचे परत सापडतात, कंगव्याच्या दातांसारखे. दोन्ही घरांतून आलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात, कुठे भर घालतात, कुठे पुसून टाकतात, म्हणून हे दात पडतात. घरं लांब नेली की दात बारीक होतात, एवढंच. जुन्या रीतीला हे दात दिसतच नाहीत, तिला फक्त कंगवा केवढा ते दिसतं. पण खड्डे मोजायचे तर दातांमधल्या रिकाम्या जागा उपयोगी पडतात, कारण तिथे शोधायलाच नको. म्हणजे वेगाचे खड्डे कमी व्हायला हवेत. किती?

दुपारपर्यंत बेरजा चालल्या होत्या. कावळ्यांनी दोन कुरडया नेल्या. उत्तर आलं, शून्य पूर्णांक चव्वेचाळीस. अर्ध्या खड्ड्याला थोडा कमी. अंतर बदललं, तोच आकडा. परत बदललं, तोच. मी वही मिटली आणि उघडली, जणू तेवढ्यात तो बदलणार होता.

एका हाताने निसर्गाने एक खड्डा घेतला होता आणि दुसऱ्या हाताने अर्ध्याला थोडा कमी परत दिला होता. कुणी न सांगता, कुणी न बघता.

मग मला पुलावरचा प्रश्न आठवला. मी आण्णांचा इलेक्ट्रॉन घेतला. मुळात एकाच घरात असलेला, फक्त आपल्याला ठाऊक नसलेला. ठिकाणाचा एक खड्डा त्यालाही वाढला. वेगाकडे गेले, तर तिथे लाट एकाच घरातून निघालेली. मिसळायला दुसरी नाही, म्हणून कंगवा नाही, दात नाहीत. परत मिळाले शून्य.

माझ्या अंगावर काटा आला. आज सांगतानाही येतो. नुसतं ठाऊक नसेल तर परत काही मिळत नाही. ठरलेलंच नसेल तर अर्ध्याला थोडा कमी खड्डा परत मिळतो. त्या दोन गोष्टींतला फरक मला मोजता आला होता, आमच्या ओसरीवर, कुरडयांच्या वासात. घाबरल्यासारखं झालं मला. आपण ज्या जमिनीवर बसलोय तिच्या पार तळाशी काहीतरी अजून ठरायचंच आहे, आणि ते ठरायचं आहे याची खूण त्याने स्वतःच ठेवली आहे, असं वाटलं.

आण्णा जेवायला आले. मी त्यांना हात धुऊ दिले नाहीत.

"आण्णा, फरक आहे. अर्ध्या खड्ड्याचा."

"अर्धा खड्डा कसा खणायचा?" आण्णा हसले.

"दोन जोड आहेत, पण दहातल्या नऊ वेळा फॉल्ट पुलापाशीच निघतो असं ठाऊक आहे. मग तो एका खड्ड्याचा फॉल्ट का?"

ते विचारात पडले. "न्हाई. तो पुरता खड्डा न्हाई. शंका थोडकीच ऱ्हाती."

"गणिताने ती अर्ध्या खड्ड्याच्या आसपास येते."

"बरोबर हाय," ते म्हणाले. मग मी त्यांना सगळं सांगितलं. घरं, कंगवा, घेतलेला खड्डा, परत मिळालेला खड्डा, आणि त्यांच्या इलेक्ट्रॉनला काहीच परत मिळत नाही ते. आई ताट वाढून दोनदा हाक मारून गेली. आण्णा ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते.

"परत परत करून बघितलंस?"

"हो."

"म्हंजे खाली, मुळात, ठरल्यालंच नसतं."

"नसतं."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवून बसले. एकतीस वर्षं हा माणूस एकाच विश्वासावर जमीन खणत आला होता. फॉल्ट कुठेतरी आहेच, आपल्याला फक्त ठाऊक नाही, एवढा तो विश्वास. मला एकदम वाईट वाटलं, आपण उगाच सांगितलं असं वाटलं.

"आण्णा, तुमचा फॉल्ट होताच तिथे. केबल मोठी वस्तू आहे. हे फार बारीक वस्तूंचं आहे."

"ते कळलं गं मला." त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. "पर केवढं हाय हे. केवढं मोठं हाय."

ते जेवले आणि सायकल घेऊन कामावर गेले.

चार दिवसांनी मी मॅडमसमोर तिसरं प्रकरण आणि वही ठेवली. त्यांनी शेवटपर्यंत वाचली. मग उठून कपाटातून एक परदेशी नियतकालिक काढलं. ठिकाण आणि वेग यांच्या अशा बेरजेला खालची मर्यादा असते, हे परदेशात दहा-अकरा वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं. मी वही परत पिशवीत घालायला लागले.

"तोंड पाडू नकोस," मॅडम म्हणाल्या. "ही रीत तुझी नाही. पण दोन घरांचं हे देणं-घेणं मी कुठे वाचलेलं नाही. आणि मी विचारलं त्याचं उत्तर यात आहे." त्यांनी तिसऱ्या प्रकरणातली तांबडी रेघ तशीच ठेवली, फक्त कडेला लिहिलं, 'नव्याने लिहावे'. मग म्हणाल्या, "हे तुला सुचलं कुठे?"

"एका पुलावर," मी म्हटलं.

प्रबंध झाला. पुढे मी तीस वर्षं शिकवलं. वर्गात हे प्रकरण आलं की आधी कुलथे साहेबांचा खड्डा सांगायचा आणि मग समीकरण, असा माझा क्रम ठरून गेला. आण्णांनी मात्र तो विषय पुन्हा कधी काढला नाही. ते निवृत्त झाले, त्यानंतर सहा वर्षांनी गेले. मला वाटे, त्या दुपारचं त्यांच्या मनातून कधीच पुसलं गेलं असेल.

ऑप्टिकल फायबरच्या काचेच्या तारा आल्या आणि निंबगावचं ते लोखंडी कपाट भंगारात काढलं. कुलथे साहेब तोवर मोठ्या हुद्द्यावर गेले होते. त्यांचा मला फोन आला. "ताई, दार मी काढून ठेवलंय. तुम्ही येऊन बघा. एक ओळ मला कळत नाहीये."

मी गेले. दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं. गंज चढला होता, पण कोरलेलं वाचता येत होतं. एकतीस-बत्तीस वर्षांच्या तारखा, ठिकाणं, अंदाज, उघडले. बघावं तिथे रकाने भरलेले. आण्णांना अर्धवट सोडलेली ओळ खपत नसे. साहेबांनी बोट ठेवलं ती ओळ मार्च शहाऐंशीची होती, कुरडयांच्या दिवसाची. वरच्या ओळीत आदल्या दिवसाचा पूल होता, अंदाज एक, उघडले एक.

"बघा ना," साहेब म्हणाले. "त्या दिवशी गावात कुठेच फॉल्ट नव्हता."

ठिकाणाखाली आण्णांनी कोरलं होतं, 'दोन्हीकडे'. अंदाजाखाली, '१. त्यातला अर्ध्याला कमी परत'.

उघडलेच्या रकान्यात काही नव्हतं. तो त्यांनी मोकळा ठेवला होता.